लाइट आली की एक डिस्क गायब: होम सर्व्हरच्या पहिल्या दहा सेकंदांचं दुखणं

जुन्या कॅबिनेटमध्ये सहा-आठ हार्ड डिस्क घालून घरी किंवा स्टुडिओत स्टोरेज सर्व्हर केलेला असतो. चालू असेपर्यंत महिनोन् महिने कुरकुर नाही. मग लाइट जाते, तासाभराने येते, मशीन सुरू होतं आणि पूल, म्हणजे सगळ्या डिस्क मिळून केलेला एकत्र साठा, ‘डिग्रेडेड’ (एखादी डिस्क कमी असलेला). एक डिस्क दिसतच नाही. नुसता रीस्टार्ट मारला की तीच डिस्क हजर. पुढच्या वेळी लाइट गेली की पुन्हा हाच खेळ, पण गायब होणारी डिस्क दुसरीच.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. डिस्क खरोखर मरायला टेकली असेल तर दरवेळी तीच त्रास देते. आज तिसरी, परवा सहावी, नंतर पहिली असं फिरतं दुखणं असेल तर संशय डिस्कवर नाही, तिला मिळणाऱ्या करंटवर घ्यायचा.

कोल्हापुरात वळवाच्या पावसापासून हे जास्त दिसतं, कारण तेव्हाच मशीन वारंवार पूर्ण बंद होऊन गार अवस्थेतून सुरू होतं. राजारामपुरीत माझ्या मामेभावाचा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ आहे. आठ डिस्क, झेडएफएस या फाइल सिस्टिमचा रेडझेड-२ पूल (दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकतो असा), जुन्या ऑफिस पीसीचा मदरबोर्ड आणि सेकंडहँड एचबीए कार्ड, म्हणजे जास्तीच्या डिस्क जोडायचं कार्ड. पाऊस सुरू झाला की त्याचा फोन ठरलेला: “दादा, परत एक गेली बघ.” दुकानात दाखवल्यावर उत्तर मिळालं की डिस्क खराब, नवी घ्या. त्याने घेतली. काही दिवसांनी लाइट गेली आणि ती नवीकोरी डिस्कही यादीतून गायब झाली. तिथून मग डिस्क सोडून वायरी बघायला सुरुवात झाली.

सुरुवातीला डिस्कला काय लागतं

साडेतीन इंची हार्ड डिस्क एकदा फिरायला लागली की फार खात नाही, पाच ते आठ वॉट. पण थांबलेल्या चकत्या ५४०० किंवा ७२०० आरपीएमपर्यंत न्यायच्या म्हणजे मोटारला जोर लावावा लागतो. त्या वेळी १२ व्होल्टच्या लाइनवर एकेक डिस्क पावणेदोन ते दोन अँपिअर ओढते. हे काही सेकंदच चालतं, दहाच्या आसपास धरा. कंपनीच्या डेटाशीटमध्ये हा आकडा ‘स्टार्टअप करंट’ म्हणून छापलेला असतो, पण आपण फक्त चालू असतानाचे वॉट वाचतो.

आठ डिस्क गुणिले दोन अँपिअर म्हणजे १६ अँपिअर, १२ व्होल्टवर १९२ वॉट. त्याच क्षणी प्रोसेसर, पंखे आणि एचबीए कार्डही उठत असतात. भिंतीवरचा वॉटमीटर दिवसभर ८०-९० वॉट दाखवतो, म्हणून आपण निर्धास्त असतो आणि ४५० वॉटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारं खोकं) भरपूर झाला असं धरून चालतो.

नदीकाठच्या मळ्यांत थ्री फेज आली की सगळ्यांच्या ऑटो स्विचवरच्या मोटारी एकदम उठतात आणि डीपीचा फ्यूज जातो, तसंच हे आहे. एकेक मोटार बघितली तर तिच्यात दोष नसतो.

एसएमपीएसवरचा मोठा आकडा बाजूला ठेवा आणि लेबलवरचा १२ व्होल्टचा रकाना वाचा. स्वस्तातल्या किंवा जुन्या एसएमपीएसवर ४५० वॉट लिहिलेलं असतं, आणि १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर असतात. म्हणजे तिथे मिळतात फक्त २१६ वॉट. बाकीचे वॉट ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनवर मोजलेले, मोटार फिरवायला त्यांचा काडीचा उपयोग नाही. काही एसएमपीएसमध्ये १२ व्होल्टच्या दोन वेगळ्या रेल, म्हणजे आपापली मर्यादा असलेल्या लाइन, असतात आणि सगळ्या डिस्क एकाच रेलवर गेलेल्या असतात. तेव्हा एकूण आकडा पुरेसा असूनही त्या रेलची मर्यादा ओलांडली जाते.

डिस्क की करंट, हे कसं ओळखायचं

पहिली परीक्षा फुकटची आहे. मशीन नीट शटडाउन करा, मागचं बटण बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबून चालू करा. डिस्क गायब झाली तर लगेच रीस्टार्ट द्या. रीस्टार्टमध्ये डिस्कची वीज तुटत नाही, फिरत असलेल्या चकत्या फिरतच राहतात, त्यामुळे सुरुवातीचा धक्का बसत नाही. गार सुरुवातीला गोंधळ आणि रीस्टार्टला सगळं ठीक, असं पुन्हा पुन्हा घडलं तर दिशा मिळाली.

दुसरी परीक्षा मला सगळ्यात भरवशाची वाटते आणि ती फारसं कुणी करत नाही. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. त्या यादीत १२ क्रमांकाचा गुणधर्म असतो, ‘पॉवर सायकल काउंट’. डिस्कला वीज मिळून ती सुरू झाली की हा आकडा एकाने वाढतो. प्रत्येक डिस्कचा आकडा कागदावर लिहून ठेवा, मशीन एकदा गार करून सुरू करा आणि पुन्हा वाचा. सगळ्यांचा एकाने वाढला तर उत्तम. एखाद्या डिस्कचा दोनाने किंवा तिनाने वाढला असेल तर तुम्ही बटण एकदाच दाबलं, पण तिच्यापर्यंत वीज मधेच कोलमडून परत आली. हा डिस्कनेच लिहून ठेवलेला पुरावा.

त्याच यादीत ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांसमोरचे आकडे शून्य असतील तर चकत्यांवरचे सेक्टर बिघडल्याची खूण नाही. १० क्रमांकाचा ‘स्पिन रिट्राय’ वाढत असेल तर मोटारीने पहिल्या प्रयत्नात वेग घेतला नाही असा अर्थ. तो एकाच डिस्कचा सतत वाढत असेल तर मात्र ती डिस्क संशयित. १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर आधी डेटाची साटा केबल (डिस्क मदरबोर्डला किंवा कार्डाला जोडणारी) बदला, ते दुखणं वेगळं.

लिनक्सच्या बूट लॉगमध्ये ‘कॉमरीसेट फेल्ड’ किंवा ‘लिंक डाउन’ अशा ओळी त्या पोर्टसमोर दिसतात. त्याने काय झालं ते कळतं, का झालं ते नाही. कानही वापरा. कॅबिनेटजवळ बसलात तर सगळ्या डिस्कचा चढता आवाज येतो, आणि मध्येच एखादी टक् करून खाली येते व परत चढायला लागते. उपसा पंप बघितलेल्या माणसाला तो आवाज ओळखायला शिकवावं लागत नाही.

मल्टिमीटर असेल तर मोजा, पण एसएमपीएसच्या तोंडाशी नाही. केबलच्या शेवटच्या टोकाला, सगळ्यात लांबच्या डिस्कजवळ, पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये. मीटरला मिन-मॅक्स असेल तर तो लावून ठेवा, नाहीतर क्षणभराचा खड्डा डोळ्यांना दिसतच नाही. मामेभावाच्या मशीनमध्ये शांत असताना १२.१ व्होल्ट होते, आणि बटण दाबल्यावर शेवटच्या कनेक्टरवर किमान आकडा १०.६ नोंदला गेला. एटीएक्सच्या, म्हणजे पीसीच्या एसएमपीएससाठी ठरलेल्या, नियमाने १२ व्होल्टची लाइन पाच टक्क्यांत, म्हणजे ११.४ च्या वर राहायला हवी. डिस्क स्वतः बहुधा दहा टक्के खड्डा सोसते, म्हणजे १०.८ पर्यंत. त्याखाली गेल्यावर कुठली डिस्क तग धरेल आणि कुठली नाही, हा नशिबाचा भाग. म्हणूनच दरवेळी वेगळी डिस्क जायची.

आधी केबल

त्याच्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएसमधून डिस्कसाठी एकच केबल येत होती आणि तिच्यावर स्प्लिटर, स्प्लिटरवर पुन्हा स्प्लिटर. पिवळी वायर एकच, तिच्यावर सगळ्या डिस्क.

हिशोब करून बघा. एसएमपीएसच्या मूळ वायरी बहुधा १८ गेजच्या असतात. त्यांचा रोध मीटरला साधारण २१ मिलिओहम. साठ सेंटिमीटर जायला आणि साठ यायला, एकूण सव्वा मीटर धरा. चार डिस्कचे आठ अँपिअर वाहिले की ०.२ व्होल्ट वाटेतच संपले. हीच वायर बारीक २२ गेजची असेल, जी स्वस्त स्प्लिटरमध्ये सर्रास असते, तर रोध अडीचपट आणि घट अर्ध्या व्होल्टवर. वर प्रत्येक सैल कनेक्टर आपला वाटा खातो तो वेगळाच. एसएमपीएस भक्कम असूनही टोकाची डिस्क उपाशी राहते ती अशी.

म्हणून पहिला उपाय म्हणजे डिस्क वाटून द्या. एसएमपीएसमधून निघणाऱ्या प्रत्येक स्वतंत्र केबलवर दोन, फार तर तीन. स्प्लिटर टाळता येत नसेल तर मोलेक्सवरून (चार पिनांचा जुना, मोठा पॉवर कनेक्टर) घ्या, कारण मोलेक्सची पिन साटाच्या पिनपेक्षा बराच जास्त करंट सोसते. साटा कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर, म्हणजे एकूण साडेचार. एका साटा कनेक्टरमधून चार डिस्कचा स्प्लिटर काढणारा माणूस त्या कनेक्टरकडून आठ अँपिअर मागत असतो.

मोलेक्स-टू-साटा घेताना प्लॅस्टिक ओतून वायरी आत बुजवलेला कनेक्टर घेऊ नका. त्यात आतल्या वायरी एकमेकींना टेकून कनेक्टर वितळल्याची, पेट घेतल्याची उदाहरणं जगभर आहेत. वायर वरून दाबून बसवलेला, मागचं झाकण उघडता येतं असा कनेक्टर घ्या. शाहूपुरीत, लक्ष्मीपुरीत विचारलंत तर दोन्ही प्रकार समोर येतील आणि किमतीतला फरक चहाच्या बिलाइतका असेल.

आणि एक गोष्ट जी करायचीच नाही: मॉड्युलर एसएमपीएसची केबल कमी पडली म्हणून दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसची लावणं. डिस्ककडचं टोक सारखंच असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची आपापली. १२ व्होल्ट ५ च्या जागी गेले की सगळ्या डिस्क एका दमात जातात, आणि मग या लेखाचा काही उपयोग नाही.

मामेभावाकडे फक्त केबल वाटून दिल्यावर किमान आकडा ११.३ वर आला. डिस्क गायब होणं जवळपास थांबलं, तरी आकडा ११.४ च्या खालीच होता आणि एसएमपीएस जुना. १२ व्होल्टवर ४० अँपिअर एकाच रेलवर देणारा नवा बसवला तेव्हा माझं समाधान झालं. तुमच्याकडे चारच डिस्क असतील तर बहुतेक वेळा केबलवरच काम भागतं, नवा एसएमपीएस लगेच घेऊ नका.

डिस्क एकामागून एक उठवणं

आता खरा शहाणपणाचा उपाय, आणि सगळ्यात जास्त घोळही इथेच. सगळ्या डिस्क एकदम न उठवता दोन-दोन सेकंदांच्या अंतराने उठवायच्या. याला स्टॅगर्ड स्पिन-अप म्हणतात. एचबीए कार्डाच्या सेटिंगमध्ये एका वेळी किती डिस्क फिरवायच्या आणि मध्ये किती सेकंद थांबायचं, हे भरता येतं. लोक ते भरतात, सेव्ह करतात आणि काहीच फरक पडत नाही, आठही डिस्क पूर्वीसारख्या एकदम गुरगुरतात.

कारण साध्या केबलमध्ये दडलेलं आहे. साटाच्या पॉवर कनेक्टरला १५ पिना असतात. त्यातली ११ क्रमांकाची पिन डिस्कला सांगते की थांबायचं की नाही. ती ग्राउंडला जोडलेली असेल तर डिस्क वीज मिळताक्षणी फिरायला लागते. मोकळी असेल तर कंट्रोलरकडून साटाची लिंक जुळेपर्यंत थांबते. आपल्या नेहमीच्या एसएमपीएसच्या केबलमध्ये १०, ११ आणि १२ या तिन्ही पिना एकाच काळ्या वायरीला जोडलेल्या असतात. म्हणजे कार्ड कितीही सांगो, डिस्कला ‘लगेच उठ’ हा हुकूम आधीच मिळालेला. सर्व्हरच्या बॅकप्लेनमध्ये, म्हणजे डिस्क थेट ज्यात खोचतात त्या पाटीत, ही पिन वेगळी सांभाळलेली असते, म्हणून तिथे हे सेटिंग चालतं आणि घरच्या कॅबिनेटमध्ये चालत नाही. सास डिस्कचं (साटाऐवजी सर्व्हरमध्ये वापरतात त्या) गणित निराळं, त्या मुळातच कंट्रोलरच्या हुकमाची वाट बघतात.

डिस्कच्या बाजूला ११ व्या पिनवर कॅप्टॉन टेपची (वीज न वाहू देणारी, उष्णता सोसणारी चिकटपट्टी) बारीक पट्टी चिकटवून ती मोकळी करता येते. हात स्थिर हवा, शेजारची पिन झाकली जाता कामा नये. हे लागू पडेल ते डिस्क आणि कंट्रोलर दोघांनीही ही पद्धत पाळली तरच. मदरबोर्डचे साटा पोर्ट बहुधा सगळ्या लिंक जवळजवळ एकदमच जुळवतात, मग टेप लावूनही पदरात फार पडत नाही. काही बायोसमध्ये पोर्टसमोर स्टॅगर्ड स्पिन-अपचा पर्याय असतो, तो असेल तर चालू करा. तसं केल्यावर लिनक्सच्या लॉगमध्ये एसएसएस (हेच स्टॅगर्ड स्पिन-अप) फ्लॅग सेट असल्याची आणि पोर्ट एकेक करून तपासत असल्याची ओळ येते. बूट लवकर व्हावा म्हणून कुणाच्या सल्ल्यावरून कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) ‘इग्नोर एसएसएस’चा पर्याय दिला असेल तर तो काढा, त्याने ही रांग मोडते.

दुसरा मार्ग पीयूआयएसचा, म्हणजे पॉवर-अप इन स्टँडबाय. यात डिस्कलाच सांगून ठेवायचं की वीज आली तरी हुकूम येईपर्यंत झोपून राहा. लिनक्सवर एचडीपार्म या कमांडच्या छोट्या ‘एस’ पर्यायाने ते चालू होतं. मोठ्या ‘एस’शी गल्लत करू नका, तो काम नसताना किती वेळाने झोपायचं ते ठरवतो. छोट्या ‘एस’ला एचडीपार्मच्या मॅन्युअलमध्येच अतिशय धोकादायक म्हटलंय आणि ते उगाच नाही. डिस्क झोपलेली असते तेव्हा प्रत्येक बायोस किंवा कार्ड तिला उठवेलच असं नाही. पुष्कळशा यूएसबी डॉकना तर ती दिसतही नाही. उद्या मदरबोर्ड गेला आणि डिस्क दुसऱ्या मशीनला लावली तर ती मेली असं वाटून कुणीतरी भंगारात टाकेल.

माझं मत विचाराल तर घरच्या सर्व्हरवर पीयूआयएस शेवटचा. करायचाच असेल तर बूट डिस्कवर कधीही नाही, आधी एकाच डेटा डिस्कवर, आणि तिच्यावर ठळक अक्षरात चिठ्ठी लावून. मामेभावाकडे आम्ही तो लावलाच नाही. कार्डावरच्या डिस्कना टेप आणि कार्डात दोन सेकंदांचं अंतर, एवढ्यावर भागलं.

हे दुखणं नसेल तर

एकच डिस्क, तीही नवी किंवा बाहेरच्या खोक्यातून काढलेली, कधीच फिरत नाही, आवाजही नाही, असं असेल तर ११ नाही, ३ क्रमांकाची पिन बघा. साटा ३.३ पासून या पिनला ‘पॉवर डिसेबल’चं काम दिलंय. जुन्या एसएमपीएसच्या केबलमधून तिथे ३.३ व्होल्ट येतात आणि डिस्क समजते की आपल्याला बंद राहायला सांगितलंय. त्या पिनवर कॅप्टॉन टेप लावा किंवा मोलेक्सवरून वीज द्या, कारण मोलेक्समध्ये ३.३ व्होल्ट नसतातच.

सर्व्हर रात्री डिस्क झोपवत असेल आणि सकाळी पहिली फाइल उघडताना डिस्क गायब होत असेल तर ते मात्र हेच दुखणं, फक्त वेळ वेगळी. पूलमधली एक फाइल मागितली की त्यातल्या सगळ्या डिस्क जवळजवळ एकत्रच जाग्या होतात. प्रत्येक डिस्कला झोपायची वेळ वेगळी देऊन काही होत नाही, कारण उठवणारी मागणी एकच. मी तर डिस्क झोपवण्याच्याच विरोधात आहे. महिन्याच्या बिलात वाचतं थोडं, आणि मोटारीचे धक्के वाढतात.

यूपीएस आणि परत आलेली लाइट

६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. आठ डिस्कचं मशीन उठताना एसएमपीएसमधली गळती धरून काही सेकंद ३०० च्या वर जातं. त्यावर मॉनिटर आणि राउटरही असेल आणि बॅटरी दोन वर्षांची झाली असेल, तर यूपीएस नेमका त्याच वेळी टांग मारतो. बॅटरीवर असताना सर्व्हर कधी सुरू करू नका. घरच्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवरही नको, अॅक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून ओढलेला करंट सुधारणारं सर्किट) असलेल्या एसएमपीएसचं त्याच्याशी बऱ्याचदा जमत नाही.

बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय असतो. बाहेरगावी राहणाऱ्याला तो सोयीचा, पण पावसाळ्यात आपल्याकडे लाइट येते ती एका दमात येत नाही. येते, दोन मिनिटांत जाते, परत येते. यूपीएसची बॅटरी तळाला गेलेली, मशीन अर्ध्या बूटमध्ये, आणि डिस्क फिरत असताना तडकाफडकी वीज तुटते. १९२ क्रमांकाचा ‘पॉवर-ऑफ रिट्रॅक्ट’ वाढलेला दिसेल तो अशानेच. मी हा पर्याय बंद ठेवायला सांगतो. लाइट स्थिर झाली की मोबाइलवरून वेक-ऑन-लॅनने, म्हणजे नेटवर्कवरून संदेश पाठवून, मशीन उठवायचं. राउटर आणि वायफाय तोवर आलेलं असतंच. लाइट जाताना मशीन नीट बंद व्हावं यासाठी यूपीएसची यूएसबी वायर सर्व्हरला जोडून नट, म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स, बसवा. ट्रूनास या स्टोरेज सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ते आधीपासूनच असतं.

डिस्क गायब असताना एक पथ्य. पूल डिग्रेडेड असेल तर घाईने नवी डिस्क घालून रीबिल्ड सुरू करू नका, रीबिल्ड म्हणजे सगळ्याच डिस्कवर कित्येक तासांचं काम. रेडझेड-१ मध्ये (एकच डिस्क गेलेली सोसणारा पूल) दोन डिस्क एकदम गायब झाल्या तर पूल इम्पोर्टच होत नाही, म्हणजे उघडतच नाही, आणि घाबरून माणूस ‘नवा पूल बनवा’ दाबतो. ते बटण दाबायचं नाही. मशीन बंद करा, केबल बघा, सुरू करून एक रीस्टार्ट द्या. डिस्क परत आली की झेडएफएस मधल्या काळात बदललेला भागच जुळवून घेतं. एमडी रेड (लिनक्सचं स्वतःचं सॉफ्टवेअर रेड) असेल आणि त्यात बिटमॅप, म्हणजे कुठला भाग बदलला याची नोंद, चालू असेल तर तिथेही तसंच, बिटमॅप नसेल तर अख्खी डिस्क नव्याने भरावी लागते.

सगळं बदलून झाल्यावर आधी स्क्रब, म्हणजे पूलमधल्या सगळ्या डेटाची तपासणी, पूर्ण होऊ द्या, मग परीक्षा. १२ क्रमांकाचे आकडे लिहून घ्या, मशीन बंद करून चहा पिऊन या, सुरू करा, पुन्हा वाचा. एकाच बैठकीवर थांबू नका. दिवसभराने, रात्रभर बंद ठेवून सकाळी, असं दोन-तीनदा करा. प्रत्येक डिस्कचा आकडा दरवेळी एकानेच वाढत असेल आणि टोकाच्या कनेक्टरवर ११.४ च्या खाली काही दिसत नसेल तर कॅबिनेटचं झाकण लावायला हरकत नाही.